पन्हाळ्याचे दरवाजे

जयसिंगपुरास तट नाहीं, वेस नाहीं. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं आंखून वसविलेल्या या पेठेचे सरळ रस्ते कोणाही आगंतुकास मोकळे आहेत. येथून आम्ही पन्हाळ्यास गेलों आणि नेमकी उलटी विद्या दृष्टीस पडली.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार भोज राजानें हा गड बांधविला, तेव्हां मुख्य भिस्त उभ्या कड्यांवर होती. आदिलशाहींत प्रवेशद्वारही तितकेंच कठीण झालें. 'तीन दरवाजा'चें बाहेरचें दार फुटलें तरी शत्रू आंतल्या चौकांत कोंडला जाई. पुढें रायगडीं शिवछत्रपतींनीं महाद्वारच दोन बुरुजांच्या कुशींत वळवून लपविलें. हत्तीस धडक देण्यापुरती सरळ वाट उरली नाहीं.

परंतु तट शत्रूस अडवितो, तसा धन्यासही कोंडतो. १६६० सालीं सिद्दी जौहराच्या वेढ्यांत गड अभेद्य राहिला, तरी महाराजांस भर पावसांत रात्रीं निसटावें लागलें. त्याचें मोल बाजीप्रभूंनीं घोडखिंडींत प्राण देऊन चुकविलें.

२०२५ सालीं पन्हाळ्याची गणना जागतिक वारशांत झाली. वाचकांनीं मुलाबाळांसह तेथें अवश्य जावें. दरवाजे दाखवून झाल्यावर विशाळगडाची दिशाही त्यांस दाखवावी.