बसलेल्या गड्याला खो

रविवारी सकाळी आजोबा कोट चढवून पुण्याच्या मंडईत निघाले की आम्ही पिशव्या घेऊन त्यांच्या मागे. सख्खी-चुलत मिळून सात भावंडं, सगळी १९७०च्या आगेमागे जन्मलेली. वाडा मंडईच्या इतका जवळ की फोडणीला कढीपत्ता कमी पडला तर तेल तापेपर्यंत जाऊन आणता यायचा. ठरलेल्या गाळ्यावरची मावशी मेथीच्या जुडीवर न मागता चार मिरच्या टाकायची आणि आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातात गाजर द्यायची. हिवाळ्यात सासवडकडचा मटार, ओल्या हरभऱ्याचे डहाळे, पावटा आणि भरताची वांगी. घरी परतेपर्यंत अर्धा मटार आमच्या पोटात गेलेला असे.

अष्टकोनी मनोऱ्याखाली पोचलं की आजोबा थांबायचे. ही इमारत १८८६ची. तेव्हा हिचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ठेवलेलं. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचंच नाव मिळालं. एवढं सांगून आजोबा भिडे वाड्याच्या दिशेला बोट करायचे. "१८४८ साली तिथे मुलींची शाळा निघाली, म्हणून आज आपली ताई शाळेत जाते." ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे. ते मनापासून म्हणायचे, यात आम्हाला कधीच शंका वाटली नाही.

त्याच आजोबांनी आत्याचा खो-खो बंद केला होता.

आत्या शाळेच्या संघात होती. खुंटावरून वळताना ती कमरेतून अशी काही वाकायची की पाठलाग करणारी मुलगी पुढे निघून जायची, असं आमचे बाबा सांगत. नववीत असताना एकदा गुडघे फोडून घेऊन ती घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं मैदान सुटलं. पुढे तिला शुक्रवार पेठेत दिली. माहेर चालत दहा मिनिटांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली की वाड्याच्या चौकात आम्हाला उकिडवं बसवायची. तोंडं एकाआड एक उलट दिशांना. "पाठीला हात लागला आणि कानाला खो ऐकू आला, तरच उठायचं. त्याआधी उठलात तर फाऊल. पण बसायचं कसं? एक पाय मागे, टाच उचललेली. खो पडायच्या आत अंग तयार हवं." पदर खोचून ती आमच्यामध्ये धावायची आणि आतून हाक आली की पदर सोडून स्वयंपाकघरात जायची.

या खेळाचे पहिले नियम १९१४ साली आपल्याच डेक्कन जिमखान्याने बांधले, हे तिच्याकडूनच आम्हाला कळलं. वाड्यातल्या पुरुषांकडे मात्र क्रिकेटच्या गोष्टी. आजोबांची लाडकी गोष्ट १९४८ची, पूना क्लबच्या मैदानावरची. भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३वर पोचले होते. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम हाताशी आलेला, आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. त्या नऊ धावा आमच्या घरी दर दिवाळीला नव्याने हुकायच्या.

आणि मग आमची स्वतःची गोष्ट, २९ फेब्रुवारी १९९६ची. विश्वचषकाचा सामना नेहरू स्टेडियमवर, वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया. लारा बघायला म्हणून काका, बाबा आणि आम्ही भाऊ मंडईतून चालत निघालो. केनियाचा डाव १६६वर आटोपला तेव्हा आम्ही डबे उघडले: थालीपीठ, लसणाची चटणी, वर द्राक्षं. लारा उतरला, आठ धावा केल्या आणि यष्टिरक्षकाच्या हातात झेल देऊन गेला. वेस्ट इंडिज सर्वबाद ९३. परतताना आम्ही शेजारच्या अनोळखी माणसांच्याही गळ्यात पडलो होतो. आमच्या पिढीला क्रिकेटमधली एवढी मोठी उलथापालथ आमच्याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर बघायला मिळाली.

ही गोष्ट आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. ताईने एकदाच विचारलं, "ते थालीपीठ पहाटे चारला उठून कुणी लावलं होतं?" आई, काकू, वहिनी आणि मुद्दाम बोलावून घेतलेली आत्या. तिकीट मात्र त्यांच्यापैकी एकीचंही नव्हतं. त्यांना यायचं आहे का, हेच आम्ही विचारलं नव्हतं. खेळ आमचा, तयारी त्यांची. टाच उचलून त्या बसलेल्या होत्या आणि खो कुणी देत नव्हतं.

दारूच्या बाबतीत तर घरात शब्दही काढायचा नाही. काका शनिवारी रात्री वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन यायचे आणि माडीवरच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. काकू खाली शेंगदाणे भाजून ताटली पायरीवर ठेवायची. वाड्यातल्या पलीकडच्या बिऱ्हाडात दारूने संसार मोडलेला आम्ही पाहिला होता. रात्रीची भांडी फेकल्याचे आवाज आमच्या भिंतीतून यायचे. त्यामुळे आईचा, काकूचा विरोध हा नुसता सोवळेपणा नव्हता. त्यांनी पाहिलेल्या दारूला दार बंदच होतं, आणि बंद दारामागे काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

२००९ साली पुण्यात डूलॅली सुरू झाली, उंड्रीच्या बाजूला कॉरिंथियन्स क्लबात. जागेवरच बीअर बनवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी ही एक. 'डूलॅली' या इंग्रजी शब्दाचा उगम आपल्या देवळालीत आहे: मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने अडकून पडलेल्या गोऱ्या सैनिकांना वेड लागायची पाळी येई, त्यावरून तो आला. दादाच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे तिथे गेलो. पहिल्यांदाच काका, काकू, वहिन्या आणि ताई असे एका टेबलाशी. काकूने लिंबूसरबत सांगितलं. वहिनीपुढे ग्लास आला तेव्हा तिने आधी सासऱ्यांकडे पाहिलं. काकांनी स्वतःचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "घे गं. मी इतकी वर्षं दार लावून प्यायलो, त्यात चव कधी कळलीच नाही."

आमच्या घरातला तो पहिला खो. काका आता नाहीत, पण त्या वाक्याने आमच्या बैठकीची रीत कायमची बदलली. घाई नाही, लपवाछपवी नाही, एखाद-दुसरा ग्लास आणि भरपूर खाणं. गाडी चालवणारा पीत नाही. ज्याला नको त्याला कोणी आग्रह करत नाही. काकूचं कोकम सरबत बीअरच्या शेजारी त्याच मानाने येतं.

भाच्याला बीअर बनवण्याच्या विद्येची ओढ लागली. एकदा त्याने आत्याला समजावून सांगितलं: सातू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवून भाजायचा, भरडायचा, गरम पाण्यात त्याची गोडी उतरवून घ्यायची, हॉप्सची फुलं घालून उकळायचं आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबू द्यायचं. आत्या मधेच म्हणाली, "अरे, मोड आणून वाळवायचं, दळायचं, म्हणजे अर्धं आमचं नाचणीचं सत्त्वच की! लेकुरवाळीला करून देतो ते." गव्हाच्या बीअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळं-लवंग काहीच नसतं, तो वास यीस्टचा, हे ऐकून तिने ग्लास नाकाशी नेला. आंबवण हातात मुरलेल्या बाईला हे नवं नव्हतं. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही म्हणून ते पांघरुणात गुंडाळून ठेवण्यात तिची हयात गेली होती. तिने एक घोट घेतला. "कडू आहे. पण मेथीसारखा, चांगला कडू."

२०२२च्या ऑगस्टमध्ये अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम बालेवाडीत रंगला. आम्ही सगळे गेलो, या वेळी आधी बायकांची तिकिटं काढून. श्रावण होता, त्यामुळे ग्लास नाहीत. डब्यात साबुदाणा वडे. मॅटवर, दिव्यांच्या झोतात खेळाडू खुंटावर सूर मारत होते आणि आत्या कडेवरच्या नातवंडासकट उभी राहून ओरडत होती. चार सप्टेंबरच्या अंतिम सामन्याच्या दिवशी गौरीजेवण. सोळा भाज्यांसाठी सकाळी मंडई पालथी घातलेली. संध्याकाळी गौरींसमोरच टीव्ही लावला. ओडिशाने तेलुगू संघाला ४६-४५ असं एका गुणाने हरवलं, तेव्हा पुरणाच्या ताटावरून कुणाला उठवेना.

मग १९ जानेवारी २०२५. संक्रांत नुकतीच झालेली. वाड्याच्या जागी आता इमारत आहे; मंडईशेजारच्या आर्यन थिएटरच्या जागी केव्हाच वाहनतळ झाला आणि मंडईखालून आता मेट्रो धावते. कुणी स्वारगेटकडून, कुणी पिंपरीकडून, सगळे जमिनीखालून मंडईत उतरले आणि वर येऊन हरभरा घेऊनच घरी आले. ताटात हुरडा, तिळाची चटणी, गूळ. भाच्याने पुण्यातच बनलेल्या बीअरचे कॅन आणलेले. टीव्हीवर दिल्लीहून खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना. कर्णधार प्रियांका इंगळे, आपली मराठी मुलगी. भारत ७८, नेपाळ ४०. त्याच संध्याकाळी प्रतीक वायकरच्या पुरुष संघानेही नेपाळला ५४-३६ असं हरवलं आणि घरात पुन्हा आरोळ्या उठल्या.

पण आमच्या डोळ्यांसमोर अजून आहे ती महिलांनी चषक उचलला त्या क्षणीची आत्या. पंचाहत्तरीची बाई हुरड्याची मूठ तशीच धरून पडद्याकडे पाहत होती. कुणी बोललं नाही. काकूने तिच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच.

पुढच्या रविवारी मंडईतून परतताना पिशव्या घरी न टाकता आम्ही तिला थेट नातीच्या शाळेच्या मैदानावर नेलं. मुलींचा सराव चालला होता. नात ओळीत उकिडवी बसलेली, एक पाय मागे, टाच उचललेली. आत्या कट्ट्यावर बसून डहाळ्याचे घाटे सोलत होती. मागून धावत आलेल्या मुलीने नातीच्या पाठीला हात लावला आणि ओरडली, "खो!" नातीच्या आधी आत्या उठली.