पथ्य सांगण्याचा अधिकार

आपल्या समाजांत औषध सांगण्यास मनुष्य थोडा तरी कचरतो. पथ्य सांगण्यास मात्र कोणीच कचरत नाहीं. घरांत कोणी आजारी पडलें कीं समाचारास येणारा प्रत्येक जण जातांना एक पदार्थ बंद करून जातो आणि एक सुरू करून जातो. हें सर्व प्रेमापोटीं होतें, यांत शंका नाहीं. परंतु प्रेम हें कांहीं ज्ञानाचें प्रमाणपत्र नव्हे. पथ्य सांगण्याचा अधिकार कोणास आहे व तो कसा संपादन करावा लागतो, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें म्हणूनच योजिलें आहे.

या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें आमच्या नातीमुळें. गृहविज्ञानाची पदवी घेऊन ती नागपुरास अन्न व पोषण या विषयांत एम्. एस्सी. करूं लागली, तेव्हां आप्तमंडळींत मोठें आश्चर्य झालें. "स्वयंपाक शिकावयास दोन वर्षें कॉलेज कशाला? आजीच्या हाताखालीं दोन महिने राहिली असती तरी पुरे होतें," असें एका वडीलधाऱ्या बाईंनीं स्पष्टच सांगितलें. पुढें परीक्षा झाल्यावर ती एका मोठ्या इस्पितळांत उमेदवारीस राहिली, आणि तींतून पदरीं पैसा पडावयाचा नाहीं हें कळलें, तेव्हां तर तिच्या विवाहाची काळजी वाहणारी मंडळी अगदीं हवालदिल झाली.

त्याच सुमारास आमच्या सडक अर्जुनींत एक गोष्ट घडली. माझ्या एका स्नेह्याचीं मूत्रपिंडें मधुमेहामुळें पुष्कळ अंशीं निकामी झालेलीं होतीं. कोणा एका आहारसल्लागारानें रक्तशुद्धीसाठीं म्हणून त्यास रोज सकाळीं शहाळ्याचें पाणी, दुपारीं फळांचा रस व सायंकाळीं पालेभाज्यांचा कच्चा रस घेण्यास सांगितलें. निरोगी माणसास यांतील एकही वस्तु अपायकारक नाहीं. परंतु या तिहींतही पोटॅशियम नांवाचा क्षार विपुल असतो. धड मूत्रपिंडें अधिक झालेला क्षार बाहेर टाकतात. निकामी मूत्रपिंडांस तें साधत नाहीं, तो रक्तांत सांचतो आणि हृदयाचे ठोके बिघडवितो. पंधरा दिवसांच्या आंत स्नेह्याचे हातपाय गळाले व नाडी अनियमित झाली. राष्ट्रीय हमरस्ता गांवावरूनच जातो, म्हणून नागपूर वेळेवर गांठतां आलें. तातडीनें डायालिसिस झालें आणि प्राण वांचले. सल्लागार हे कोठें व काय शिकले होते, हें मात्र शेवटपर्यंत कोणासच सांगतां आलें नाहीं.

नात जेथें उमेदवारी करीत होती तेथेंच आम्हीं त्यास नेलें होतें. चार दिवस मी त्याच्या उशाशीं बसलों, आणि या विद्येचें खरें स्वरूप मला तेथें दिसलें. पहिल्या दिवशीं तिनें त्यास एकही पथ्य सांगितलें नाहीं. तिनें केवळ प्रश्न विचारले. आजारापूर्वीं दिवसभरांत काय काय खात होतां? भात किती वाट्या? वाटी केवढी? घरची वाटी मागवून घेऊन ती पाण्यानें भरून तिनें मोजली. वरण पातळ कीं घट्ट, भाजीचें पाणी ठेवतां कीं टाकतां, घरीं स्वयंपाक कोण करितें, हें सर्व लिहून घेतलें. वजन घेतलें, रक्ताचे अहवाल पाहिले, आणि रात्रीं बसून आहाराचा तक्ता तयार केला.

स्नेही मला म्हणाले, "मास्तर, तक्ता झाला ना? मग वाचून दाखवायला काय हरकत आहे?" नातीनें नम्रपणें उत्तर दिलें, "काका, मॅडमनीं पाहून सही केल्याशिवाय मला तो तुम्हांला देतां येणार नाहीं."

दुसऱ्या दिवशीं त्या ज्येष्ठ आहारतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनीं तक्ता वाचला आणि एका आंकड्याखालीं रेघ मारली. निरोगी माणसास वजनाच्या दर किलोमागें दिवसास सुमारें ०.८ ग्रॅम प्रथिनें लागतात. मूत्रपिंडें क्षीण झालीं कीं तीं ०.६ ग्रॅमच्या आसपास आणावीं लागतात. आणि नातीनें तेंच केलें होतें. परंतु डायालिसिस सुरू झालें कीं त्या क्रियेंत शरीराचीं प्रथिनें खर्चीं पडतात, म्हणून मग १ ते १.२ ग्रॅम द्यावीं लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या त्याच रोग्यास गेल्या आठवड्यांत ३० ग्रॅम योग्य, तर या आठवड्यांत ५० ते ६० ग्रॅम आवश्यक! रोगी तोच, रोग तोच, आणि पथ्य जवळजवळ दुप्पट. हा नियम नातीच्या पुस्तकांत होता, परीक्षेंत तिनें तो लिहिलाही होता. परंतु खाटेवरच्या माणसास तो लावावयाचा कधीं, हें तिला त्या रेघेनें शिकविलें. ही चूक कागदावरच राहिली, रोग्याच्या ताटापर्यंत गेली नाहीं. उमेदवारीचें सारें प्रयोजन यांत आलें.

आमच्या पूर्वजांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत 'योग्यासूत्रीय' नांवाचा अध्यायच आहे. योग्या म्हणजे प्रत्यक्ष सराव. शिष्यानें कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर शस्त्र चालवून हात बसवावा आणि मगच मनुष्यदेहास स्पर्श करावा, असें आचार्य सांगतात. शास्त्र जाणणारा पण कर्म न केलेला, आणि कर्म करणारा पण शास्त्र न जाणणारा, या दोघांसही त्यांनीं एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. त्याच्याच पुढच्या अध्यायांत व्यवसायांत शिरण्यापूर्वीं राजाची अनुज्ञा घ्यावी असेंही म्हटलें आहे. आजच्या भाषेंत हीच नोंदणी.

आतां आपल्या देशांतील व्यवस्था पाहूं. १९६३ सालीं इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पोषणशास्त्रांतील एम्. एस्सी. किंवा आहारशास्त्रांतील पदव्युत्तर पदविका, त्यानंतर इस्पितळांत ज्येष्ठांच्या देखरेखीखालीं कांहीं महिन्यांची उमेदवारी, आणि शेवटीं संस्थेची परीक्षा, इतक्या पायऱ्या चढल्यावर 'रजिस्टर्ड डायटीशियन' ही उपाधि मिळते. २०२१ सालीं संसदेनें आरोग्यसेवेंतील सहयोगी व्यवसायांकरितां राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यांत आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश केला. अमेरिकेंत तर १ जानेवारी २०२४ पासून या परीक्षेस बसण्यासाठीं पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे, आणि तेथें देखरेखीखालील काम निदान १००० तास करावें लागतें.

महाराष्ट्रीय स्त्रियांस हा मार्ग नवा नाहीं. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, १९३३ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हां केवळ स्त्री म्हणून त्यांस सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं नकार दिला. त्या हटल्या नाहींत. शेवटीं एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर त्यांस घेण्यांत आलें. तें वर्ष त्यांनीं अशा रीतीनें पार पाडलें कीं पुढें त्या संस्थेचें दार मुलींस उघडलें. १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेंत त्यांनीं काम केलें आणि नंतर मुंबईस नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलें. परीक्षेवर ठेवलें जाणें हा अपमान न मानतां त्यांनीं त्याची शिडी केली.

पुस्तकी ज्ञानास स्थानिक ज्ञानाची जोड किती लागते, याचें एक उदाहरण आमच्याच भागांतलें देतों. येथें धानाच्या उभ्या पिकांत ओलीवर लाखोळी फेकतात, आणि तिची डाळ गरिबांच्या घरीं पुष्कळ चालते. तीच मुख्य अन्न म्हणून महिनोन् महिने खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा रोग होतो. मिश्र आहारांत थोडी असली आणि भिजवून, भरपूर पाण्यांत उकळून तें पाणी टाकून दिलें, तर धोका पुष्कळ कमी होतो. 'डाळ खा' एवढेंच सांगणाऱ्यानें येथें कोणती डाळ शिजते हें आधीं विचारावयास नको काय? चरकाचार्यांनीं आहाराचा विचार करितांना प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशीं आठ अंगें सांगितलीं आहेत. पदार्थ कोणता, कसा शिजविला, कशाबरोबर, किती, कोठला, केव्हां, कोणत्या नियमानें आणि कोणी खावयाचा, हीं तीं आठ. नातीच्या प्रश्नांची वही मीं चाळली, तों हीं आठही तींत सांपडलीं.

माझे स्नेही आज आठवड्यांतून दोन वेळां डायालिसिसला जातात आणि बेतानें कां होईना, घरचें जेवतात. नातीची परीक्षा व्हावयाची आहे. तिच्या विवाहाविषयीं विचारणाऱ्यांस मी सांगतों कीं, ज्या घरास तिचे हे बिनपगारी महिने वायां गेलेसे वाटत असतील, तें घर तिच्याजोगें नव्हे.

वाचकांस माझी विनंति एवढीच. मुलगी या विद्येकडे वळली तर तिला स्वयंपाकीण म्हणून हिणवूं नये; आणि घरच्या रोग्याचें पथ्य ठरविण्यापूर्वीं सल्ला देणाऱ्यास दोन प्रश्न आदरपूर्वक पण अवश्य विचारावेत. आपण कोठें शिकलांत? आणि कोणाच्या देखरेखीखालीं? ज्याचा अधिकार खरा आहे, त्यास या प्रश्नांचा राग कधींच येणार नाहीं.