तांड्यातली मुलं आणि त्यांचं 'मी'पण

4 एप्रिल 2025, मानोरा
सकाळची शाळा सुटली तेव्हा पोहरादेवीच्या रस्त्याला गाड्यांची रीघ होती. परवा रामनवमी. तेलंगणातल्या, कर्नाटकातल्या तांड्यांतून, म्हणजे आपापल्या वस्त्यांतून, बंजारा कुटुंबं संत सेवालाल महाराजांच्या समाधीला निघालेली. गोरमाटी या आपल्या बोलीत बोलायला लागली की कोण कुठल्या राज्याचा, हे ओळखू येत नाही. कागदावर मात्र तेलंगणात ती अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि आपल्याकडे विमुक्त जाती. माणूस तोच, ओळख सरहद्दीगणिक वेगळी.

6 एप्रिल, पोहरादेवी
जुनी विद्यार्थिनी भेटली. आता पुण्यात नोकरीला. आजी पारंपरिक फेटिया-कांचळीत, ही जीन्समध्ये. दोघी हातात हात घालून गर्दीतून चाललेल्या. म्हणाली, "सर, तिकडे कोणी विचारल्याशिवाय मी तांड्याचं नाव काढत नाही. इथं आलं की मोकळं वाटतं. पण लग्न कोणाशी करायचं, हे तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांनी ठरवू नये." आजीनं ऐकलं. "पोरगी शिकली, तं बोलणारच," एवढंच म्हणाली.

7 एप्रिल
तांड्याचं नाव न काढण्याचं तिचं बोलणं डोक्यातून जात नाही. इंग्रजांच्या 1871च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 साली रद्द झाला, लोकांच्या मनातला संशय राहिला. अशा वेळी तांड्यानंच माणसाला सांभाळलं. ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसं, मागे राहिलेली लेकरं आजही तांडाच बघतो. म्हणून 'जुनं सोडून द्या' हे बाहेरच्यानं सांगणं सोपं आणि अन्यायाचंही आहे. पण ज्यानं सांभाळलं, त्यानं नकार ऐकून घेण्याचीही तयारी ठेवावी. नातं टिकतं ते त्यामुळेच.

9 एप्रिल
पाचवीच्या वर्गात आज घराविषयी लिहायला सांगितलं. गोरमाटीत लिहिलं तरी चालेल, म्हणालो. घरी गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी, अशा तीन बोलींत ही मुलं वाढतात. एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलानं देवनागरीत पानभर गोरमाटी लिहिली आणि स्वतः उभा राहून मराठीत अर्थ सांगितला. ज्याला आपलं घर लपवावं लागत नाही, तो चारचौघांत धीटपणे उभा राहतो. शिक्षकांनो, मुलांची घरची बोली वर्गाबाहेर ठेवू नका.