पुढे ओढलेली बाकी

सोलापुरातील त्या घरात मारामारीच्या खेळांना मज्जाव होता. म्हणून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या नातवाने प्रकल्पासाठी निराळाच संगणक-खेळ रचला. भुईकोट किल्ल्याच्या तटावरून एक मुलगा धावतो, उड्या मारतो आणि संक्रांतीच्या मांज्यात अडकलेले पक्षी सोडवतो. आजीला कल्पना फार आवडली. पण खेळ पाहताना दोन मिनिटांतच तिला गरगरू लागले व ती डोळे मिटून आत निघून गेली.

महाविद्यालयातील संगणकावर तर फजितीच झाली. घरच्या जुन्या लॅपटॉपवर सेकंदाला तीस चित्रे उमटत, तेथे साठ. प्रत्येक चित्रागणिक मुलाने अमुक पावले पुढे जावे, असा हिशेब लिहिलेला असल्याने तेथे तो दुप्पट वेगाने धावत सुटला आणि तटावरून खाली गेला. परीक्षकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. वडिलांनी मात्र निकाल आधीच लावला होता : परीक्षा संपली की टॉवेलच्या कारखान्यात बसायचे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय कथेवरचा खेळ जगभर नेला, असे मुलाने एकदा सांगून पाहिले. “ते पुण्यात,” एवढेच उत्तर आले.

बँकेतून निवृत्त झालेले आजोबा रात्री त्याच्या शेजारी बसू लागले. संगणकाची भाषा त्यांना येत नव्हती. आकडे येत होते.

चित्रांऐवजी लोटलेल्या वेळाने वेग गुणताच धावणे ताळ्यावर आले. उडी मात्र दोन्हीकडे सारखी पडेना. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब तुकड्यातुकड्यांनी होतो आणि तुकडे मोठे असले की उडी ठेंगणी पडते; लॅपटॉपवर वरच्या कोनाड्यातील पारव्यापर्यंत हात पोहोचतच नव्हता. तेव्हा नातवाने ‘क्वेक थ्री अरेना’ या १९९९ सालच्या खेळाची हकीकत सांगितली. त्यात दर चित्राला वेगाचा आकडा जवळच्या पूर्णांकावर आणला जाई. सेकंदाला १२५ चित्रे असली की एका चित्राचा वेळ आठ सहस्रांश सेकंद. त्या अवधीत गुरुत्वाकर्षणाने ६.४ वेग घटायचा, पण घटे सहाच. जाणते खेळाडू मुद्दाम १२५ चित्रांवर खेळत आणि इतरांहून उंच उडत.

“म्हणजे अपूर्णांक मारला!” आजोबा खुर्चीत सरसावून बसले. चाळीस पैसे सोडून दिले तर ते नाहीसे होत नाहीत, कोणाच्या तरी पदरात पडतात, हे त्यांनी खातेवह्यांत जन्मभर पाहिले होते.

ग्लेन फीडलर यांच्या २००४ सालच्या एका प्रसिद्ध लेखातील उपाय नातवाने वापरायचे ठरवले. हालचालीचा हिशेब सदैव ठरावीक, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या टप्प्यानेच करायचा. वेळ जमेला धरायचा, पुरे टप्पे खर्ची टाकायचे आणि उरलेला वेळ पुढच्या चित्राकडे न्यायचा. “बाकी पुढे ओढली,” आजोबा म्हणाले. उडी दोन्ही संगणकांवर नेमकी जुळली. पारवा सुटला.

आणि चित्र पूर्वीपेक्षा जास्त थरथरू लागले! साठ चित्रे, पन्नास टप्पे. सेकंदातील दहा चित्रांत मुलगा जागचा हलेना, कॅमेरा मात्र सरकत राही. नातवाने दोन रात्री यात घालवल्या. तिसऱ्या रात्री तो म्हणाला, “आजोबा, कारखानाच बरा.”

आजोबांनी त्याला तुटक मुदतीच्या व्याजाविषयी विचारले. तिमाही भरली नाही म्हणून मधल्या दिवसांचे व्याज शून्य धरतात काय? नातू क्षणभर थांबला. शिल्लक वेळ टप्प्याच्या निम्मा असेल, तर मुलगा मागच्या आणि आताच्या जागेच्या बरोबर मध्यावर काढायचा. चित्र एका टप्प्याने मागे राहते, पण पाहणाऱ्याला ते कळत नाही.

शेवटची चूक आजोबांनी स्वतः पकडली. कॅमेरा दर चित्राला उरलेल्या अंतराच्या दहा टक्के पुढे जाई. ही तर घटत्या शिलकेवरील घसाऱ्याची रीत! त्यांनी जुने कॅल्क्युलेटर काढले. तीस वेळा घसारा लावला की शंभरापैकी सव्वाचार उरतात. साठ वेळा लावला तर पावही नाही. दर सेकंदाला ठरवायला हवा, चित्राला नव्हे. नातवाने घातांकाचे सूत्र लिहून दर वेळेशी बांधला आणि कॅमेऱ्याला मुलाच्या कच्च्या जागेऐवजी मधोमध काढलेल्या जागेमागे धावायला लावले.

रविवारी आजीला पुन्हा बसवले. सातही पक्षी सुटेपर्यंत ती पाहत राहिली आणि “पारव्याला पाणी ठेवायचे राहिले की रे,” म्हणाली. वडील दारात कधी येऊन उभे राहिले होते, कोणाला कळले नाही. त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, चुकीची कळ दाबली आणि मुलगा थेट खंदकात गेला.

“यात चूक कोणाची?” त्यांनी विचारले.

“तुमची, बाबा.”

ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली.