समासाला गेलेली ओळ

एरवी रस्ता, पाणी, लाईट यावर लिहितो. आज संगणकातल्या एका कळीबद्दल लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, विषय गावाचाच निघेल.

आमच्या गल्लीतला एक पोरगा डिप्लोमाला आहे. सुट्टीत केदारखेड्याला आला की संध्याकाळी माझ्याकडं बसतो, पायथॉन शिकतो. एडिटरमध्ये व्हिम पद्धतीच्या कळांचं प्लगिन मीच त्याला टाकून दिलं. व्हिम हा कोड लिहायचा जुना एडिटर. ब्राम मूलेनार या डच माणसानं तो 1991 मध्ये लोकांसमोर आणला, तोही फुकट. आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांसाठी मदत करा, एवढीच त्याची विनंती. 2023 मध्ये तो गेला. कळा मात्र जगभर चालू आहेत.

पोरानं मक्याच्या पोत्यांची वजनं मोजायचा छोटा प्रोग्राम लिहिला. पोती दहा, आणि एकूण वजन आलं एका पोत्याचं! एरर काही नाही. दोन तास डोकं खाजवलं आणि म्हणाला, "दादा, आपल्याच्यानं नाय व्हायचं हे."

मी बघितलं. चूक त्याची नव्हतीच.

पायथॉनमध्ये ओळ किती आत आहे, त्यावर तिचा अर्थ ठरतो. व्हिममध्ये 'ओ' दाबलं की खाली नवी ओळ उघडते, आणि ऑटोइंडेंट चालू असेल तर वरच्या ओळीइतकीच आत सुरू होते. आमच्या प्लगिनात कर्सर थेट समासाला जायचा. त्यामुळं बेरजेची ओळ लूपच्या बाहेर पडली. लूप संपल्यावर शेवटच्या पोत्याचं वजन तेवढं धरलं गेलं.

खरं सांगतो, ही खोड मला वर्षभरापासून माहीत होती. 'ओ' दाबायचं, लगेच चार स्पेस मारायच्या, हाताला सवय झालेली. माझं भागत होतं, म्हणून गप्प होतो. आणि इकडं एक पोरगं स्वतःला ढ समजून बसलं.

त्या रात्री प्लगिनचा कोड उघडला. कोड खुला आहे, कुणीही बघू शकतो. आधी वरच्या ओळीतली मोकळी जागा जशीच्या तशी खाली उतरवली. पण वरची ओळ कोलनवर संपली की आणखी एक पायरी आत जावं लागतं, तिथं ते फसलं. मग लक्षात आलं, एडिटरला हे सगळं आधीच येतं. प्लगिन त्याला न विचारता स्वतःच नवी ओळ घालत होतं. ते काम एडिटरकडं सोपवलं. मग दोन गोष्टी राहिल्या. काही न लिहिता एस्केप दाबलं तर रिकाम्या स्पेस मागं राहू नयेत, आणि 'यू' दाबल्यावर ओळ आणि इंडेंट एका झटक्यात परत जावं. मधे लाईट दोनदा गेली. तीन रात्री लागल्या.

बदल पाठवला. प्लगिन सांभाळणाऱ्यांनी चाचण्या लिहून मागितल्या, त्या दिल्या. मग बदल स्वीकारला. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, डिग्रीही विचारली नाही.

आता गावाचं. हातपंपाचा दांडा ढिला असतो, आपण हात वाकडा करून पाणी भरतो आणि निघतो. शाळेच्या वाटेवरचा खड्डा आपल्याला पाठ असतो, गाडी बरोबर बाजूनं काढतो. पडतो तो नवा माणूस, नाहीतर लेकरू. आणि आपण म्हणतो, त्याला गाडी चालवता येत नाही.

ज्याला खोड माहीत आहे, त्यानं ती सांगायची. जमलं तर दुरुस्तही करायची. माझ्यासारखं वर्षभर थांबू नका.

पोराची बेरीज आता बरोबर येते. गावातल्या आणखी कुणाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी या. लॅपटॉप एकच आहे, पण आळीपाळीनं बसू.