कंबर आणि रेवाल चाल

मार्गशीर्ष पौर्णिमा, सारंगखेडा.

दत्तजयंतीच्या यात्रेनिमित्त तापीकाठी भरणाऱ्या या घोडेबाजारात, जेथे दातांवरून जनावराचे वय आणि चालीवरून त्याची किंमत ठरविण्याचा शिरस्ता आहे, तेथे हिंडताना माझी दृष्टी हल्ली रंगावर वा ऐटीवर न खिळता प्रथम पावलांकडे वळते, याचे श्रेय निःसंशय माझ्या कंबरेला आहे. तारुण्यात भरधाव दौडीचा हव्यास होता. साठी उलटल्यावर मात्र दुडकीचा प्रत्येक हिसका मणक्यांच्या दप्तरी नोंदला जातो आणि रात्री त्याची सव्याज वसुली होते. म्हणूनच, एका सौदागराने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला तळहातावर धरून काठेवाडी घोडी रेवाल, म्हणजे हिसका न देणाऱ्या संथ-सलग चालीने फिरवून दाखविली, तेव्हा इतरांनी घोडीची तारीफ केली, पण मी स्वाराच्या निश्चल कंबरेकडे पाहत राहिलो.

कंबर अशी सांभाळायची, तर जमिनीवरून रिकिबीत पाय घालून देह वर खेचण्याऐवजी ओट्यावरून खोगिरावर बसावे, कारण त्या ओढीने स्वाराचीच नव्हे, घोड्याचीही पाठ पिळवटते. आरंभी संथ पावलांनी फिरून अंग मोकळे करावे. दुडकीत तालावर आसनावरून उठावे, आणि पोटाचे स्नायू नित्य व्यायामाने बळकट ठेवावेत, हा माझा सांप्रतचा कायदा होय. कळ पायात उतरली, की स्वारी तहकूब आणि डॉक्टरांचा हुकूम शिरोधार्य! घोडी घेण्याचा विचार मात्र अद्याप तहकूब केलेला नाही.