दयेचे सोंग

लोणावळ्यातील आमच्या घरी गेली पाच वर्षे एक शिकारी राहतो. दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत, दगडांच्या कपारीत त्याचे वास्तव्य आहे. आफ्रिकेतील मलावी सरोवर हे त्याचे मूळ घर. १८५९ साली त्या सरोवराच्या काठी पोहोचलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या नावावरून या माशाला लिव्हिंगस्टोनी म्हणतात. धाकट्याच्या प्रथम कम्युनियनच्या दिवशी त्याच्या मामांनी बोटाएवढे पिल्लू भेट दिले. त्याला क्षारयुक्त, जड पाणी लागते; आमचे पाणी पावसाचे, मऊ. म्हणून तळाशी शिंपल्यांचा चुरा पसरला, दगड रचले. पावसाळी गारठ्यासाठी हीटर बसवला.

त्याची शिकार पाहून माणूस थक्क होतो. तो तळाशी आडवा पडतो आणि निश्चल होतो. अंगावरच्या तपकिरी डागांमुळे तो कुजत चाललेला मृत मासा भासतो. लहान मासे टोचा मारायला जवळ येतात आणि क्षणात नाहीसे होतात. मलावीकाठचे कोळी त्याला ‘निजणारा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

दोन वर्षांत तो वीतभर झाला. पेटीतील सोबती संपले. रोजचे खाद्य, दर आठवड्याचे पाणी बदलणे, यांचा आम्हांला कंटाळा येऊ लागला. एका रविवारी मिस्साहून परतताना मी म्हणालो, “बिचाऱ्याला इंद्रायणीत सोडून देऊ. देवाच्या पाण्यात मोकळा होईल.” धाकट्याचे डोळे भरून आले, पण दयेपुढे त्याला काही बोलता येईना.

संध्याकाळी कामशेतजवळ नदीकाठी बादली घेऊन गेलो. एक वृद्ध गृहस्थ जाळे झाडत होते. बादलीत डोकावून त्यांनी विचारले, “हा कुठला?” मी सांगितले. त्यांनी आपली टोपली पुढे केली. तीत बहुतेक चिलापीच होती. “हीसुद्धा बाहेरचीच, साहेब. आता हिच्यावाचून जाळ्यात फारसे काही येत नाही.”

चिलापीही आफ्रिकेचीच, आमच्या माशाच्याच कुळातली. लोकांना स्वस्त अन्न मिळावे या हेतूने १९५२ साली ती भारतात आणली गेली. हेतू वाईट नव्हता. याच इंद्रायणीवर पुढे देहू आहे. तेथील डोहातील महसीर माशांना भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले. त्या पाण्यात मी कोणाला सोडायला निघालो होतो? त्या परक्या पाण्यात तो तडफडून मेला असता, नाहीतर जगून इतरांची पिल्ले गिळत राहिला असता. यांत दया कोणती?

तेव्हा उमगले, की सोंग केवळ तोच घेत नाही. माझा आळस दयेचे नाव घेऊन निपचित पडला होता, आणि त्याच्याजवळ पहिला आला होता माझा भाबडा मुलगा. परमेश्वराने माणसाला बागेत ठेवले ते मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. राखण म्हणजे नकोसे झाले की सोडून देणे नव्हे.

बादली घरी परत आली. महिन्याभरात मोठी पेटी घेतली. आता दर शनिवारी पाणी मी बदलतो आणि दगड धाकटा घासतो. मासा अजूनही कधीकधी आडवा पडतो. धाकटा हसून म्हणतो, “पप्पा, फसू नका हं!”